समुद्र तापतो एकीकडे, पाऊस बदलतो दुसरीकडे: मधला दुवा कुठला?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. प्रशांत महासागराच्या मधोमध पाणी दीड-दोन अंशांनी तापतं, म्हणजेच एल निनो येतो, आणि तेवढ्यावरून दहा-पंधरा हजार किलोमीटर लांबच्या पावसाचं भाकीत होतं. दीड-दोन अंशांचा फरक तर एकाच खोलीत सकाळ-दुपारी पडतो, तेवढ्यानं जगाचं हवामान कसं हलेल? शिवाय, तुम्ही म्हणता तसं, १९९७ साली विसाव्या शतकातला सर्वांत जोरदार म्हणावा असा एल निनो होता आणि भारतात मान्सून सरासरीच्या १०२ टक्के झाला. २००२ साली एल निनो मध्यमच होता आणि पाऊस ८१ टक्क्यांवर थांबला. मग हे शास्त्र आहे की मागाहून जुळवलेली गोष्ट?

हंगामी अंदाज हे माझं कामच आहे, आणि १९९७ च्या उन्हाळ्यात मी त्यात अगदी नवी होते. त्या वर्षीच्या एका अंतर्गत टिपणात मी ठामपणे लिहिलं होतं की पाऊस मोठ्या प्रमाणात घटणार. तो कागद मी अजून जपून ठेवलाय. तेव्हा तुमची शंका मला परकी नाही.

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. दोन अंशांत एवढं बळ कुठून येतं? ते बळ इतक्या लांब पोहोचतं कसं? आणि पोहोचत असेल तर दर वेळी सारखं का पोहोचत नाही? पहिल्या दोहोंची उत्तरं बरीच पक्की आहेत. तिसऱ्याचं उत्तर परिस्थितीवर ठरतं, आणि नेमकं तेच बातम्यांत गळून जातं.

पाणी किती अंशांनी तापलं यापेक्षा तापून कुठवर गेलं, हे आम्ही आधी बघतो. उष्ण कटिबंधातल्या समुद्रावर पंधरा-पंधरा किलोमीटर उंचीचे पावसाळी ढग कुठेही उभे राहत नाहीत. पृष्ठभागाचं तापमान साधारण २७-२८ अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं तरच ते मोठ्या संख्येनं आणि टिकून उभे राहतात. हा उंबरठा समजा. इंडोनेशियाच्या भोवतालचा समुद्र जवळपास वर्षभर या उंबरठ्याच्या वरच असतो. पेरूच्या किनाऱ्याला खोलातलं थंड पाणी वर येत राहतं, म्हणून तिथलं पाणी उंबरठ्याच्या बरंच खाली असतं. या दोहोंच्या मध्ये, १७० ते १२० अंश पश्चिम रेखांशांच्या दरम्यान विषुववृत्ताला धरून एक पट्टा आहे. आमच्या बोलण्यात तो ‘निनो ३.४’. तिथलं सरासरी तापमान २७ अंशांच्या आसपास असतं, म्हणजे हा पट्टा बरोबर उंबरठ्यावर बसलेला आहे. त्याला दीड अंशाचा धक्का लागला की जिथे एरवी कोरडं असतं तिथे धो धो पाऊस सुरू होतो. २० अंशांचं पाणी २२ झालं असतं तर आकाशाला त्याचा पत्ताही लागला नसता.

आणि खरं बळ त्या पावसात आहे. पाण्याची वाफ होताना तिच्यात उष्णता दडते आणि ढगात त्या वाफेचं पुन्हा पाणी झालं की ती उष्णता हवेत मोकळी होते. शाळेत आपण अप्रकट उष्मा शिकतो, तोच हा. हिशेब सोपा आहे: दिवसाला एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरमागे सुमारे २९ वॅट उष्णता. एखाद्या टापूत दिवसाला पाच मिलिमीटर पाऊस वाढला तर जवळजवळ १४५ वॅट. तुलनेसाठी सांगते, सूर्याकडून पृथ्वीला मिळणारी ऊर्जा दिवसरात्र आणि सगळ्या गोलावर सरासरी काढली तर चौरस मीटरमागे ३४० वॅटच्या घरात येते. म्हणजे हजारो किलोमीटर लांबीच्या पट्ट्यावर, हवेच्या मधल्या थरात, सूर्याच्या चाळीसेक टक्के ताकदीची नवी शेगडी पेटते. आणि जिथून पाऊस हलला, त्या पश्चिमेकडच्या समुद्रावरची शेगडी तेवढीच मंदावते.

म्हणूनच ‘तापलेल्या समुद्रावरची गरम हवा वाहत वाहत दूर जाते’ असं जे चित्र बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं ते मी सगळ्यात आधी पुसायला सांगते. समुद्र उष्णता पार्सल करून पाठवत नाही. तो पाऊस पडण्याची जागा हलवतो. पुढचं सगळं वातावरण करतं.

जागा हलते कशी, हे थोडक्यात. नेहमीच्या स्थितीत व्यापारी वारे, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे सतत वाहणारे वारे, विषुववृत्तावरचं गरम पाणी पश्चिमेकडे ढकलत ठेवतात. ते तिकडे इतकं साचतं की पश्चिम प्रशांतातली समुद्रपातळी पूर्वेपेक्षा साधारण अर्धा मीटर उंच असते आणि गरम पाण्याचा थरही तिथे खूप जाड असतो. या वाऱ्यांनी दम सोडला की साचलेलं गरम पाणी पूर्वेकडे सरकू लागतं. पृष्ठभागाखालून विषुववृत्ताला धरून पूर्वेकडे जाणारी एक संथ लाट, केल्विन लहर, निघते आणि दोन-तीन महिन्यांत महासागर ओलांडून दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याला लागते. पूर्वेचं पाणी तापलं की पूर्व-पश्चिम तापमानातला फरक कमी होतो, त्यामुळे वारे आणखी ढिले पडतात आणि पाणी आणखी तापतं. जेकब ब्यर्कनेस यांनी १९६९ साली हे चक्र नीट मांडलं. हेच चक्र उलट्या दिशेनं फिरलं, म्हणजे वारे जोरात आणि पूर्व आणखी थंड, की ला निना.

ब्यर्कनेस यांच्याही आधीचा अर्धा भाग भारतातून आला होता. गिल्बर्ट वॉकर १९०४ ते १९२४ या काळात भारतीय हवामान खात्याचे प्रमुख होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या भीषण दुष्काळांनंतर मान्सूनचा आगाऊ अंदाज हवा होता, आणि त्यासाठी त्यांनी जगभरच्या केंद्रांचे वायुदाब, पाऊस, तापमान यांची आकडेवारी एकमेकांशी ताडून पाहिली. त्यात त्यांना दिसलं की पूर्व प्रशांतात दाब चढला की हिंदी महासागराकडे उतरतो, आणि तो इकडे चढला की तिकडे उतरतो. या झोक्याला त्यांनी ‘सदर्न ऑसिलेशन’ म्हटलं. कारण त्यांना सांगता आलं नाही, समुद्र त्यांच्या चित्रात जवळजवळ नव्हताच. तेव्हा ‘मागाहून जुळवलेली गोष्ट’ या तुमच्या आरोपाला इतिहास उलटा आहे. इथे आकड्यांतला संबंध आधी सापडला आणि त्यामागची यंत्रणा नंतर, भौतिकशास्त्राच्या समीकरणांतून.

आता ‘लांब कसं पोहोचतं’ याकडे. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा गाभा इथे आहे, म्हणून थोडी रेंगाळते.

शेजारच्या प्रदेशांचं समजायला सोपं आहे. जिथे हवा वर चढते तिथे पाऊस, आणि चढलेली हवा कुठेतरी खाली उतरावीच लागते. उतरताना ती दाबली जाते, तापते, कोरडी होते. विषुववृत्ताला समांतर असलेल्या या चढ-उताराच्या चक्राला वॉकर अभिसरण म्हणतात. चढणारी बाजू मध्य प्रशांतात सरकली की उतरणारी बाजू इंडोनेशिया, ऑस्ट्रेलियाचा पूर्व-उत्तर भाग आणि कधी कधी भारतापर्यंत येऊन बसते. १९९७ आणि २०१५ साली इंडोनेशियात पेटलेले वणवे आणि तिथला धुराचा थर याच कोरडेपणामुळे इतके पसरले. त्याच वेळी पेरूच्या उत्तरेकडच्या वाळवंटी किनाऱ्यावर पूर येतात.

पण कॅनडात हिवाळा उबदार का होतो? तिथवर तर हे चक्र जात नाही. इथे दुसरी वाट लागते. वाहत्या ओढ्यात मोठा धोंडा टाकून बघा. धोंडा हलत नाही, पण त्याच्या पुढे बऱ्याच अंतरापर्यंत पाण्यावर उंच-सखल घड्या पडतात, आणि पाणी वाहत असूनही त्या घड्या जागच्या जागी राहतात. मध्य प्रशांतावरची नवी शेगडी वातावरणाच्या प्रवाहात असा धोंडा होऊन बसते. ढगांतून वर आलेली हवा बारा-एक किलोमीटर उंचीवर बाजूंना फाकते आणि तिथल्या पश्चिमी (पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या) वाऱ्यांच्या वाटेत आडवी येते. पृथ्वी गोल असून फिरते, त्यामुळे उत्तर-दक्षिण ढकलली गेलेली हवा वळण घेत परत येते, पुन्हा पलीकडे जाते. या नागमोडी घड्यांना रॉसबी लहरी म्हणतात. एका ठिकाणी दाब कमी, पुढे जास्त, त्याच्या पुढे पुन्हा कमी, अशी माळ प्रशांतातून निघून अर्धा गोल ओलांडत जाते. हॉस्किन्स आणि कॅरोली यांनी १९८१ साली हे गणितानं दाखवलं. त्याच वर्षी होरेल आणि वॉलेस यांनी प्रत्यक्ष नोंदींत ती माळ दाखवली: अलास्काजवळच्या अल्यूशियन बेटांपाशी असलेला कमी दाब आणखी खोल, पश्चिम कॅनडावर जास्त दाब, अमेरिकेच्या आग्नेयेला पुन्हा कमी. जेट प्रवाह, म्हणजे उंचावरच्या वेगवान वाऱ्याचा पट्टा, या माळेला बगल देत वाकतो, आणि वादळं जेटच्या वाटेनं जातात. म्हणून एल निनोच्या हिवाळ्यात अमेरिकेचा दक्षिण भाग सहसा ओला आणि उत्तर भाग उबदार राहतो.

या वाटेबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या. एक, ती झपाट्याची आहे: समुद्राला तापायला महिने लागतात, पण त्यानंतर वातावरणातली माळ दोन आठवड्यांत उभी राहते. दुसरी, तिला पश्चिमी वारे लागतात. ओढा जोरात असेल तरच धोंड्यापुढे घड्या दिसतात, साचलेल्या पाण्यात नाही. हे वारे हिवाळ्यात जोमदार असतात, म्हणून समशीतोष्ण प्रदेशांवरचा परिणाम त्या त्या गोलार्धाच्या हिवाळ्यात ठळक आणि उन्हाळ्यात फिका असतो.

तिसरी वाट मला सर्वांत आवडते आणि ती सर्वांत कमी सांगितली जाते. विषुववृत्ताजवळ पृथ्वीच्या फिरण्याचा हवेवरचा पगडा क्षीण असतो, त्यामुळे वरच्या हवेत एका बाजूला उष्णता आणि दुसऱ्या बाजूला गारवा असा फरक तिथे टिकूच शकत नाही. प्रशांतावर ढगांनी सोडलेली उष्णता वरच्या थरात काही आठवड्यांत संपूर्ण उष्ण कटिबंधाभोवती पसरते. मात्सुनो (१९६६) आणि गिल (१९८०) यांच्या कामातून या पसरण्याचं गणित मिळतं. याचा परिणाम बघा: आफ्रिकेवर, अटलांटिकवर, हिंदी महासागरावर वरची हवा तापली, पण खालची जमीन किंवा पाणी अजून तेवढं तापलेलं नाही. वर गरम, खाली तुलनेनं गार. अशा हवेत ढगाला वर चढायला जोर येत नाही. म्हणजे प्रशांत तापला की इतरांसाठी पावसाचा उंबरठाच उंचावतो. अटलांटिकमध्ये त्याच्या जोडीला वर आणि खाली वाहणाऱ्या वाऱ्यांतली तफावत वाढते आणि चक्रीवादळांचे मनोरे वाकून मोडतात, म्हणून एल निनोच्या वर्षी तिथे वादळं सहसा कमी होतात.

थोडक्यात इथवरचं: दीड-दोन अंशांनी पाऊस हलतो, हललेल्या पावसाची उष्णता प्रचंड असते, आणि ती तीन वाटांनी लांब जाते. शेजारी चढ-उताराच्या चक्रानं, समशीतोष्ण भागात लहरींच्या माळेनं, आणि बाकीच्या उष्ण कटिबंधात वरची हवा तापवून.

मग १९९७ ला काय झालं?

आमच्याकडे एक प्रयोग वारंवार केला जातो. संगणकावरच्या प्रतिकृतीला समुद्राचं तेच तापमान द्यायचं, अगदी दशांशापर्यंत तेच, आणि सुरुवातीच्या हवेत केसाएवढा फरक करून हंगाम पन्नासेक वेळा चालवायचा. विषुववृत्तावरचा प्रशांत बघितला तर पन्नासही उत्तरं जवळपास एक. समुद्र सांगतो आणि पाऊस ऐकतो. तिथून जसजसं दूर जावं तसतशी उत्तरं फाकत जातात. उत्तर अमेरिकेच्या हिवाळ्यात काही ओली, काही कोरडी. ढीग एका बाजूला सरकलेला दिसतो, पण दुसरी बाजू रिकामी नसते. युरोपपर्यंत पोहोचता पोहोचता ढीग जेमतेम हललेला असतो. समुद्र तोच असताना एवढी फाकाफाक होते, म्हणजे ती वातावरणाच्या स्वतःच्या लहरीपणाची. पन्नास उत्तरांची सरासरी हे समुद्राचं म्हणणं आणि त्यांच्यातली पांगापांग हे वातावरणाचं. प्रत्यक्षात निसर्ग त्या पन्नासांतला एकच हंगाम आपल्याला देतो. माझ्या १९९७ च्या टिपणातली चूक हीच: मी ढिगाचा मध्य बघितला आणि त्यालाच येणारं साल समजले.

पण सगळं खापर लहरीपणावर फोडणं हाही आळस झाला. १९९७ आणि २००२ यांत समुद्रातच फरक होता.

पहिला फरक तापण्याच्या जागेचा. १९९७ मध्ये सर्वाधिक वाढ दक्षिण अमेरिकेला खेटून, पूर्व प्रशांतात होती. पेरूच्या किनाऱ्याला ती चार अंशांवर गेली. २००२ मध्ये वाढ लहान, पण मध्य प्रशांतात. उंबरठ्याचा मुद्दा आठवा: मधल्या पट्ट्यात थोडीशी वाढही पाऊस हलवायला पुरते, आणि तिथून हवेच्या उतरण्याची जागा भारताच्या डोक्यावर येण्याची शक्यता जास्त. कृष्णकुमार आणि सहकाऱ्यांनी २००६ साली हा फरक दाखवला. २००९ साल याच पंक्तीतलं: वाढ मध्य प्रशांताकडे झुकलेली, मान्सून ७८ टक्के.

दुसरा फरक शेजारच्या समुद्राचा. हिंदी महासागराचं स्वतःचं एक हेलकावणं आहे, इंडियन ओशन डायपोल. १९९९ साली ते वेगळं म्हणून ओळखलं गेलं. पश्चिम भाग, म्हणजे आफ्रिकेकडचा, तापतो आणि सुमात्राजवळचा गारठतो, ती त्याची ‘धन’ अवस्था. १९९७ साली ही अवस्था जोरदार होती आणि तिनं भारताकडे बाष्प ओढायला मदत केली, असं मानायला सबळ कारणं आहेत. त्याच अवस्थेनं त्या वर्षाअखेर पूर्व आफ्रिकेत पूर आणले. २०१९ हे तिचं आणखी ठळक उदाहरण: जून कोरडा गेला, तरी भारतात हंगामाची बेरीज ११० टक्के, पूर्व आफ्रिकेत पुन्हा पूर, आणि समुद्राच्या दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रेलियात कोरडेपणा आणि त्यापाठोपाठ २०१९-२० चे वणवे.

तिसरी गोष्ट अलीकडे जास्त जाणवू लागली आहे. उंबरठा ठाम आकडा नाही, तो सगळ्या उष्ण कटिबंधाच्या तापमानावर ठरतो. सगळेच समुद्र तापले असतील तर मध्य प्रशांताचं एक-दोन अंशांनी वर असणं तितकं उठून दिसत नाही. २०२३ च्या एल निनोत हे झालं: आकडा मोठा होता, पण बाकीचे समुद्रही विक्रमी गरम होते, त्यामुळे वाऱ्यांचा प्रतिसाद आकड्याच्या मानानं मवाळ राहिला. म्हणून आता नुसतं ‘सरासरीपेक्षा किती वर’ न बघता ‘बाकीच्या उष्ण कटिबंधापेक्षा किती वर’ हेही बघतात. माझ्या टेबलावर मी हा दुसरा आकडा आधी ठेवते.

या तिन्हींमुळे फक्त भारतात अंदाज चुकतात असं समजू नका. १९९७-९८ ला आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात मोठा दुष्काळ पडेल असा इशारा होता, पाऊस बऱ्याच भागात सरासरीजवळ राहिला. २०१५-१६ ला मात्र तिथे दुष्काळ पडलाच. त्याच २०१५-१६ च्या तगड्या एल निनोत दक्षिण कॅलिफोर्नियाला पावसाचं जवळजवळ आश्वासन मिळालं होतं आणि हिवाळा कोरडा गेला. पुढे २०२२-२३ ला ला निना असताना, म्हणजे कोरडं अपेक्षित असताना, कॅलिफोर्नियाला बाष्पाच्या नद्यांनी (समुद्रावरून बाष्प वाहून आणणाऱ्या हवेच्या अरुंद पट्ट्यांनी) एकामागून एक झोडपलं.

आणि ‘उष्ण समुद्र’ म्हणजे फक्त प्रशांत, हीही बातम्यांची सवय. अटलांटिक लहान आहे, पण शेजाऱ्यांवर त्याची सत्ता मोठी. विषुववृत्ताच्या उत्तरेचं पाणी दक्षिणेपेक्षा किती गरम, यावर तिथला पावसाचा पट्टा उत्तर-दक्षिण सरकतो. १९७० आणि ८० च्या दशकांत सहेल प्रदेशात (सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचा पट्टा) पडलेल्या प्रदीर्घ दुष्काळामागे हे तापमानाचं पारडं होतं. २००५ साली ॲमेझॉनच्या खोऱ्यात मोठा दुष्काळ पडला तेव्हा दोषी प्रशांत नव्हता, उत्तर अटलांटिकचं असामान्य गरम पाणी होतं. ब्राझीलच्या ईशान्य भागाचा अंदाज करणारे लोक म्हणून दोन्ही महासागरांकडे एकाच वेळी बघतात.

आता व्यवहाराचं. तुमच्या प्रश्नाच्या शेवटी होतं की अशा अंदाजावर काही ठरवावं का. ते तुम्ही कुठे आहात, कोणता हंगाम आहे आणि चुकलं तर किती नुकसान होणार आहे, यावर अवलंबून आहे. मी स्वतः काय करते ते सांगते.

महिना आधी बघते. मार्च ते मे या काळात प्रशांतातली पूर्व-पश्चिम तफावत वर्षात सर्वांत कमी असते आणि कुठलीही लहानसहान ढवळाढवळ पुढे मोठी होऊ शकते, म्हणून या काळातले अंदाज वारंवार फसतात. ‘वसंतातली आडकाठी’ म्हणतात तिला. एप्रिलमध्ये कुणी डिसेंबरचा एल निनो छातीठोकपणे सांगू लागला तर मी ऐकून घेते आणि जूनपर्यंत थांबते. ऑगस्टमधल्या अंदाजाला मात्र मी बराच मान देते, कारण एकदा रुळलेला एल निनो सहसा वर्षाअखेरीपर्यंत टिकतो.

मग पृष्ठभागाचं सोडून खालचं पाणी बघते. १९८२-८३ चा महाकाय एल निनो कित्येक महिने कुणाला कळलाच नव्हता. मेक्सिकोतल्या एल चिचोन ज्वालामुखीच्या धुरळ्यानं उपग्रहाची तापमानं गार दाखवली, आणि जहाजांवरून आलेल्या गरम नोंदींवर कुणाचा विश्वास बसेना. त्या धड्यातून विषुववृत्तीय प्रशांतात सुमारे ७० तरंगत्या नोंदयंत्रांची साखळी उभारली गेली, ती १९९४ मध्ये पूर्ण झाली. तिनं शेकडो मीटर खोलीपर्यंतची तापमानं मिळतात. खाली गरम पाण्याचा गोळा पूर्वेकडे सरकताना दिसला तर पृष्ठभाग अजून गार असला तरी मी सावध होते.

त्यानंतर वारे आणि ढग. समुद्र तापला, पण व्यापारी वारे ढिले पडले नाहीत आणि ढग पूर्वेकडे सरकले नाहीत, तर लांबच्या कुणाला काही कळवायची घाई करत नाही. जोवर पाऊस हलला नाही तोवर पुढची साखळी सुरूच झालेली नसते. बातम्यांतले मथळे नेमके या टप्प्याच्या आधी छापले जातात.

सर्वांत शेवटी मी ‘दुष्काळ पडेल की नाही’ हा प्रश्नच बदलून घेते. एल निनोची सगळी वर्षं एका ढिगात, ला निनाची दुसऱ्यात, उरलेली तिसऱ्यात ठेवून बघावं: माझ्या ठिकाणी प्रत्येक ढिगात कोरडी वर्षं किती? इंडोनेशियात ढीग इतके वेगळे दिसतात की पुढं विचारायची गरज पडत नाही. भारतासाठी प्रशांताचं तापमान आणि मान्सूनचा पाऊस यांतला परस्परसंबंध साधारण उणे ०.५ ते ०.६ आहे, म्हणजे वर्षावर्षांतल्या चढउतारातला पाव ते तिसरा हिस्सा एवढाच त्यातून उलगडतो. तोही कायम सारखा नसतो. गेल्या शतकाच्या अखेरीस तो काही काळ ढिला पडला होता. युरोपच्या बऱ्याच भागात ढिगांतला फरक डोळ्यांना दिसतही नाही. तिथे एल निनोच्या बातमीवरून काही ठरवणाऱ्याला मी सरळ नाही म्हणते.

ढिगातला फरक ठळक असेल तर अंदाज जमेस धरावा, पण सगळं त्याच्यावर टाकू नये. कोरड्या वर्षाची शक्यता नेहमीच्या तीनात एकवरून दोनात एक झाली, हे वाक्य एखाद्या धरणाच्या पाण्याचं नियोजन करणाऱ्याला सोन्याच्या मोलाचं आहे, कारण तो दरवर्षी असे निर्णय घेतो आणि वीस वर्षांत त्याचा हिशेब फायद्यात जातो. आयुष्यात एकदाच एक मोठा निर्णय घेणाऱ्याला तेच वाक्य फारसं उपयोगाचं नाही. तुम्ही यांतले कोण आहात ते तुमच्या प्रश्नावरून कळलं नाही. ठिकाण, हंगाम आणि निर्णय कशाचा आहे एवढं सांगितलंत तर त्या जागेचे ढीग कसे पडतात ते मी बघून सांगू शकेन.